विश्लेषण : चर्चमधला फोटो खरा किती, फोनचा किती? ‘एचडीआर’ नेमके काय करते?

पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले आणि आतले फोटो जगभर फिरले. एप्रिल २०१९ च्या आगीआधी काळवंडलेले दिसणारे दगड आता जवळजवळ दुधाळ दिसत होते. हा बदल सफाईचा, की फोनच्या कॅमेऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर ‘हाय डायनॅमिक रेंज’ म्हणजेच ‘एचडीआर’ या तंत्रात आहे. हे तंत्र आणि चर्च यांचे नाते जुने आहे.

चर्चच्या आत फोटो काढणे अवघड का?

भर दुपारी चर्चमध्ये शिरले की खांब, बाकडी, छताच्या कमानी अंधुक दिसतात. त्याच वेळी रंगीत काचांच्या खिडक्यांमागे सूर्य तळपत असतो. खिडकीकडे पाहताना डोळ्यांची बाहुली आकसते, कोपऱ्याकडे वळताच पसरते आणि मेंदू ही सगळी दृश्ये एकत्र जोडतो. त्यामुळे माणसाला दोन्ही नीट दिसते. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकमध्ये एकच एक्स्पोजर निवडावे लागते. खिडकी सांभाळली तर भिंती काळ्याकुट्ट होतात, भिंती सांभाळल्या तर खिडकीचा पांढरा ठिपका उरतो.

हा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. उत्तम दर्जाच्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा साधारण १४ स्टॉप टिपतो. म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागातले सुमारे १६ हजारांस एक हे प्रमाण. फोनचा सेन्सर नखाएवढा असल्याने त्याची एका फ्रेमची क्षमता याहून कमी असते. चर्चमधले प्रमाण अनेकदा याच्या कितीतरी पुढे जाते.

एचडीआर आणि चर्चचा संबंध काय?

एकाच दृश्याची अनेक छायाचित्रे जोडण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापल्या होत्या. डिजिटल युगात या कल्पनेला गणिती पाया देणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध १९९७ मध्ये आला. लेखक होते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातील पॉल डेबेव्हेक आणि मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरमधून शिकलेले जितेंद्र मलिक.

त्यांनी उदाहरण म्हणून घेतले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेमोरियल चर्चचे. तिथे ३० सेकंदांपासून सेकंदाच्या एक हजारांश भागापर्यंत, एकेका स्टॉपच्या अंतराने १६ छायाचित्रे घेतली होती. सूर्य एका रंगीत खिडकीच्या नेमका मागे होता. ही सगळी जोडून तयार झालेल्या नकाशात उजेड-अंधाराचे प्रमाण अडीच लाखांस एक यापेक्षा जास्त भरले, म्हणजे सुमारे १८ स्टॉप. पुढे अनेक वर्षे एचडीआरची नवी पद्धत तपासायची तर संशोधक हेच चर्च वापरत राहिले.

मग फोटो ‘खोटा’ का वाटतो?

अडचण जोडण्यात नाही, दाखवण्यात आहे. १८ स्टॉपची माहिती हाती असली तरी साधा पडदा किंवा छापील कागद तेवढा फरक दाखवू शकत नाही. म्हणून उजेडाचा पल्ला दाबून बसवावा लागतो. याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. सगळीकडे सारखाच दाब दिला तर फोटो फिका पडतो. म्हणून बहुतेक पद्धती भागाभागाने दाब बदलतात : अंधारा कोपरा उचलायचा, खिडकी खाली आणायची, दगडाचे बारकावे ठळक करायचे.

हे प्रमाणाबाहेर गेले की कमानींभोवती फिकट वलये दिसतात, सावल्या नाहीशा होतात आणि प्रत्येक भेग कोरल्यासारखी उठून दिसते. चर्चची वास्तू सावल्यांचा हिशेब ठेवून बांधलेली असते. वेदी उजळ आणि बाजूचे भाग मंद, ही योजनाच सपाट होते.

फोनने काय बदलले?

पूर्वी एचडीआरसाठी ट्रायपॉड, स्थिर हात आणि संगणकावरचे काम लागे. आयफोनमध्ये २०१० साली एचडीआरचा पर्याय आला. गूगलने २०१३ मध्ये ‘नेक्सस ५’वर वेगळी युक्ती आणली : मुद्दाम कमी प्रकाशात अनेक फ्रेम झटपट घ्यायच्या, हाताच्या थरथरीने सरकलेल्या फ्रेम जुळवायच्या आणि त्यांची सरासरी काढून अंधाऱ्या भागातले दाणे कमी करायचे. आज हे काम फोन न विचारताच करतो. अनेक फोनमध्ये ते पूर्ण बंदही करता येत नाही. हलणारी मेणबत्तीची ज्योत किंवा चालणारा भाविक दोनदा उमटू नये म्हणून कोणत्या फ्रेममधला कोणता भाग ठेवायचा, हेही सॉफ्टवेअरच ठरवते.

नोत्र दामच्या फोटोंचे उत्तर काय?

तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, सफाई खरीच झाली. आतल्या सुमारे ४२ हजार चौरस मीटर भिंतींवरची काजळी, धूळ आणि छतातील वितळलेल्या शिशाचे कण काढले गेले. त्यासाठी अनेक ठिकाणी लॅटेक्सचा लेप देऊन तो सालीसारखा सोलून काढला. दुसरी, प्रकाशयोजना नवी आहे. तिसरी, २०१८ चा फोन आणि २०२४ चा फोन सावल्या वेगवेगळ्या प्रमाणात उचलतात. त्यामुळे दोन फोटो शेजारी ठेवले तर भिंत उजळ झाली एवढे कळते; सफाईने किती आणि सॉफ्टवेअरने किती, हे कळत नाही.

हा प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकारांचा का नाही?

कारण वारसावास्तूचा फोटो हा पुरावा असतो. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये नोत्र दामची लेझर मोजणी केली होती. आगीनंतर एक अब्जाहून अधिक बिंदूंची ती नोंद मोलाची ठरली. पण लेझर आकार सांगतो. रंग, ओल, काजळी यांची नोंद छायाचित्रांवर अवलंबून असते.

जुन्या गोव्यातली चर्च १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जीझस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. उघडा पडलेला जांभा दगड पावसात झिजतो, म्हणून पुन्हा गिलावा द्यावा का, हा वाद सुरू आहे. अशा वेळी ‘दहा वर्षांपूर्वी हा डाग होता का?’ हे फोटोवरून ठरवायचे झाले, तर फोनने आपोआप उजळलेला डाग दिशाभूल करू शकतो. दगडाचे बारकावे ठळक करणारे टोन मॅपिंग झीज वाढवून दाखवेल. सावली उचलणारे टोन मॅपिंग ओल लपवेल.

मग नोंद कशी ठेवावी?

संवर्धनासाठी साधी शिस्त पुरेशी आहे : मूळ रॉ फाइल जपायच्या, प्रत्येक एक्स्पोजरची वेळ नोंदवायची, चौकटीत रंगपट्टी ठेवायची आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, दिवसाच्या त्याच वेळी फोटो घ्यायचा. जोडलेला सुंदर फोटो वेगळा ठेवायचा, मूळ फ्रेम फेकायच्या नाहीत.

भारतीय पुरातत्त्व खात्याने जुलै २०१८ मध्ये ताजमहालातील मुख्य समाधी, अजिंठा लेणी आणि लेहचा राजवाडा वगळता आपल्या स्मारकांत फोटो काढण्यास मुभा दिली. ट्रायपॉडसाठी मात्र आधी परवानगी लागते आणि पूजास्थान असेल तर तिथले नियमही पाळावे लागतात. म्हणजे पर्यटकांच्या हाती उरतो तो फोनच. त्यांनी ‘प्रो’ किंवा रॉ मोड वापरला, खिडकीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला, तर फोटो डोळ्यांना दिसलेल्या दृश्याच्या जवळ जातो. कोपरे काळे राहतील, पण ते तिथे खरोखरच काळे होते, हे त्या फोटोवरून पन्नास वर्षांनीही कळेल.