रेमोच्या कॅसेटी आणि आपलं गॅदरिंग

आमच्या बाभुळगावात बँड म्हणजे लग्नाचा बँड. त्यामुळे मी रॉकवर लिहायला बसलो म्हटल्यावर रूम पार्टनर म्हणाला, "काऊन बे, सबमिशन झालं काय तुझं?" झालं नाही. पण यंदा गॅदरिंगच्या सिलेक्शनला फर्स्ट इयरच्या एका पोराला 'स्वतःचं गाणं नको, सिनेमातलं म्हण, ट्रॅक घेऊन ये' असं सांगून परत पाठवलं. तेव्हापासून डोक्यात रेमो फर्नांडिस फिरतोय.

आपल्याला रेमो माहीत आहे तो 'हम्मा हम्मा'पुरता (१९९५), फार तर 'प्यार तो होना ही था'च्या टायटल साँगपुरता (१९९८). पण हा माणूस त्याच्या दहा वर्षं आधीपासून स्वतःच्या कॅसेटी काढत होता. जन्म पणजीचा, १९५३ चा. शिकला मुंबईच्या जे. जे.त, आर्किटेक्चर. म्हणजे ड्रॉइंग शीटवाला, आपल्यातलाच! पुढे धरली मात्र गिटार. १९८४ साली गोव्यातल्या शिवोलीला घरी बसून त्यानं 'गोवन क्रेझी' रेकॉर्ड केला. वाद्यं त्यानंच वाजवली, आवाज त्याचेच, कव्हरही त्याचंच. मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घेऊन दुकानोदुकानी पोचवायलाही हाच.

यंत्र कोणतं? चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इथं जरा थांबावं. साध्या कॅसेटच्या पट्टीवर दोन ट्रॅक 'ए' बाजूचे आणि दोन 'बी' बाजूचे असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरतं, म्हणून त्या कॅसेटला दुसरी बाजूच उरत नाही. चारपेक्षा जास्त वाद्यं हवी असतील तर तीन ट्रॅक मिक्स करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा वापरायचे. एकदा मिक्स झालं की ढोलक मोठा झाला म्हणून कमी करता येत नाही. शिवाय दर खेपेला पट्टीची खरखर वाढते ती वेगळीच. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये याहून कितीतरी जास्त ट्रॅक बसतात, आणि आपण त्यात काय भरतो ते सांगायला नको.

रेमोवर एक आक्षेप नेहमीचा असतो, की हा एका जागी टिकत नाही. खरं आहे. १९८५ ला 'ओल्ड गोवन गोल्ड'मध्ये गोव्याची जुनी गाणी, १९८६ ला 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये गर्दविरुद्ध बोलणारा रॉक, १९८७ ला 'बॉम्बे सिटी', १९९२ ला थेट राजकारण्यांना नावातच चिमटा काढणारा अल्बम, १९९८ ला 'ओ मेरी मुन्नी' म्हणून हिंदी पॉप, आणि पुढे चक्क संस्कृत मंत्र सिम्फनीच्या थाटात! सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. 'मुन्नी' मला फारशी झेपत नाही. ती त्या काळच्या चॅनेलवाल्या पॉपच्या फार जवळ जाते. पण जुनी मांडो-दुलपदं आणि इलेक्ट्रिक गिटार ही दोन्ही ज्याच्या घरातलीच आहेत, त्यानं एकच का निवडावं? भाषा बदलली, ठेका बदलला, तरी गाणं कुठून येतं ते बदललं नाही. गोवा, तिथली माणसं, तिथला राग. २००७ ला पद्मश्री मिळाली, २०२१ ला आत्मचरित्र आलं. पण त्याला ओळखायचं असेल तर आधी 'गोवन क्रेझी' ऐका, सिनेमा नंतर.

आता आपल्याकडचं. त्या पोराचं गाणं मी रूमवर ऐकलंय. धामणगाव रोडवर पहाटे उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांवर आहे. दुसऱ्या कडव्यात मात्रा हुकतात, चाल अजून कच्ची आहे. पण ते आपल्या गावचं आहे आणि त्याला ट्रॅक कुठून मिळणार? ज्यांनी सिलेक्शन केलं त्यांचंही एक म्हणणं आहे: पब्लिक हूटिंग करतं. करू दे ना! तीन तासांच्या कार्यक्रमात अर्धा तास 'स्वतःचं गाणं' म्हणून राखून ठेवा, भाषा कुठलीही चालेल, वऱ्हाडी तर चालेलच. साउंडवाल्याकडून दोन माइक जास्तीचे लागतील, त्याची वर्गणी आमच्या विंगमध्ये जमतेय. आत्तापर्यंत सात जणांनी नावं दिली आहेत.