निसर्गाची निवड आणि ‘बळी तो कान पिळी’

‘बळी तो कान पिळी’ हा जणू निसर्गाचाच कायदा आहे, असे सांगताना पुष्कळदा डार्विन यांचा दाखला दिला जातो. ‘जो सर्वाधिक योग्य, तो टिकतो’ हे शब्द मुळात हर्बर्ट स्पेन्सर यांचे, 1864 सालचे. डार्विन यांनी ते पुढे स्वीकारले. त्यांतील ‘योग्य’ म्हणजे त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या परिस्थितीस अनुरूप. नैसर्गिक निवडीचे तीन प्रकार पाहिले, की हा अर्थ उलगडतो.

पहिली दिशात्मक निवड. प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचे चिमुकले बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून तेथील फिंच पक्ष्यांचा दीर्घ अभ्यास केला. 1977 मध्ये तेथे भीषण अवर्षण पडले. बारीक बिया संपल्या; उरली ती गोखरूच्या कुळातील टणक, काटेरी फळे. बहुसंख्य फिंच उपासमारीने मेले. जाड चोचीच्या पक्ष्यांना ती फळे फोडता येत, म्हणून वाचलेल्यांत त्यांचे प्रमाण अधिक राहिले. चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढील पिढीची सरासरी चोच सुमारे 4 टक्क्यांनी जाड झाली. एकाही पक्ष्याची स्वतःची चोच वाढली नव्हती. बदलली ती समूहाची सरासरी. पुढे 1983 मध्ये एल निनोमुळे अतिवृष्टी झाली, बारीक बियांची रेलचेल झाली आणि नंतरच्या काळात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले.

दुसरी विभाजक निवड. आफ्रिकेतील कॅमेरून देशात एका बीजभक्षी पक्ष्याच्या एकाच जातीत मोठ्या व लहान अशा दोन प्रकारच्या चोची आढळतात. मोठी चोच एका लव्हाळ्याचे कठीण बी सहज फोडते, तर लहान चोच दुसऱ्याचे मऊ बी चटकन खाते. मधल्या आकाराच्या चोचीला दोन्ही कामे नीट साधत नाहीत. त्यामुळे दोन टोके टिकतात आणि मध्य विरळ होतो.

तिसरी स्थिरकारी निवड आपल्या घरातील पाळण्याशी निगडित आहे. मेरी कार्न आणि लायोनेल पेनरोज यांनी लंडनमधील 13,730 जन्मांच्या नोंदी तपासून 1951 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार कमी किंवा फार जास्त वजनाच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण अधिक, तर साडेतीन किलोच्या आसपासच्या बालकांत ते सर्वांत कमी आढळले. येथे दोन्ही टोके मागे पडतात आणि मध्य टिकतो.

मात्र ही मर्यादाही अढळ नाही. गरोदरपणातील सकस आहार व नियमित तपासणी, वेळेवर केलेली शस्त्रक्रिया, नवजात अर्भकाला आईच्या उराशी मिळणारी ऊब यांमुळे अडीच किलोहून कमी वजनाची असंख्य बालके आज सुखरूप वाढतात. अर्थात, परिस्थितीत आपली काळजीही समाविष्ट असते. ती बदलली, की कोण टिकणार हेही बदलते.

म्हणून घरातील अशक्त बालकाकडे किंवा सुनेच्या पोषणाकडे दुर्लक्ष करून ‘निसर्गच ठरवील’ असे कोणी म्हणू नये. निसर्गाला मनात योजलेले असे काहीच नसते. निवडीचा नियम काय घडते ते सांगतो. काय करावे, हे ठरविण्याचे उत्तरदायित्व आपलेच आहे.