यंत्राचा जीर्णोद्धार

अलीकडे एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते : "दुरुस्त करून काय उपयोग? नवेच घ्या." हे वाक्य दुकानदार बोलतो, कंपनीचा माणूस बोलतो, आणि आता घरची माणसेही बोलू लागली आहेत. पंखा, इस्त्री, मिक्सर यांच्या बाबतीत ते बोलून जुने झाले. परदेशी राहून परतलेल्या मुलाबाळांबरोबर आमच्यांतील काही घरांत एस्प्रेसो कॉफीची यंत्रे आली आहेत. त्यांच्याही बाबतीत आता तेच ऐकू येते. या वाक्यास आमचा विरोध आहे, आणि तो का, हे आम्ही याच कॉफीयंत्राच्या उदाहरणाने सांगणार आहोत. कारण नीट राखल्यास एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी जी थोडी घरगुती विद्युत्-यंत्रे आहेत, त्यांत याची गणना होते.

हे यंत्र इटलीचे. तुरीन येथील अँजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. पुढे मिलानच्या लुइजी बेझ्झेरा याने १९०१ साली आपल्या सुधारणेचे पेटंट मिळविण्याचा मार्ग धरला, आणि देसिदेरिओ पावोनी याने ते हक्क विकत घेऊन यंत्रे बाजारांत आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जा याच्या दांड्याच्या यंत्राने वाफेऐवजी स्प्रिंगच्या जोराने गरम पाणी दाबून कॉफीवर तो प्रसिद्ध तांबूस फेस आणला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने हे दाबण्याचे काम विजेच्या पंपाकडे दिले; आणि त्याच सुमारास पावोनीच्या कारखान्याने घरच्या ओट्यावर मावेल असे, हाताने दांडा ओढावयाचे लहान यंत्र काढले. त्या घाटाची यंत्रे आजही बनतात, आणि कित्येक दशकांपूर्वीच्या जुन्या यंत्रांना लागणाऱ्या रबरी कड्या आजही विकत मिळतात. 'यंत्र म्हटले की पांच वर्षांत जुने व्हावयाचेच' असे म्हणणाऱ्यांस एवढे एक उत्तर पुरेसे आहे.

मग ही यंत्रे बिघडतात तरी कशाने? ७ ग्रॅम कॉफीच्या पुडीतून नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी सुमारे ९ बार दाबाने, साधारण २५ सेकंदांत घालवावयाचे, एवढेच त्याचे कार्य. उष्णता, दाब आणि कॉफीचे तेल ही तिन्ही रोज ज्यावर आदळतात ते झिजणारच. दांड्याची गाळणी जेथे अडकवितात तेथील रबरी कडे उष्णतेने कडक होते व बाजूने पाणी गळू लागते. पाणी शिंपडणाऱ्या जाळीस तेलाची काजळी धरते आणि कॉफी कडवट लागते. पाण्यांतील विरघळलेला चुना तापल्यावर साका होऊन आतल्या नळ्यांस चिकटतो. आंघोळीच्या बंबांत बसतो तोच हा खार. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथे ज्या घरांत बोअरचे जड पाणी वापरतात, त्यांस हे वेगळे सांगावयास नको. पंपाचा आवाज येतो पण पाण्याची धार बारीक झाली, तर बहुधा दोष या खाराचा, पंपाचा नव्हे. यंत्र मुळीच तापत नाही, तर पुष्कळदा अतिउष्णतेपासून रक्षण करणारी एक लहानशी फ्यूज जळालेली असते.

यांतील प्रत्येक दोषाचा परिहार ठाऊक आहे. कडे वर्षा-दीड वर्षाने बदलावे, जाळी आठवड्यास उतरवून धुवावी, पाणी मऊ वापरावे, आणि खार धरू लागल्यास उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने तो काढावा. पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई लावून घेणाऱ्या समाजास ही विद्या परकी वाटण्याचे कारण काय?

परंतु हल्लीची कित्येक यंत्रे ही विद्या निरुपयोगी व्हावी अशाच बेताने बनविलेली असतात. आवरण उघडू नये म्हणून नेहमीच्या पेचकसाला न जुमानणारे स्क्रू, दुरुस्तीचा नकाशा नाही, सुटा भाग मागितला तर 'अख्खा संच घ्या' हे उत्तर. कॉफीचीही तीच गत : सीलबंद कुपी, जी एकदा वापरली की टाकून द्यावयाची. यास सोय म्हणतात. आम्ही यास ग्राहकाचे हात बांधणे म्हणतो. ज्या वस्तूचे झाकण मालकास उघडता येत नाही, ती त्याच्या मालकीची कितपत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

कायद्याने यांत थोडे लक्ष घातले आहे, पण थोडेच. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ सुरू केले. परंतु संकेतस्थळ म्हणजे सक्ती नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयक निर्देश संमत केला व तो लागू करण्यास ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरविली. त्याच्या यादीत धुलाईयंत्रे, शीतकपाटे, दूरध्वनी आहेत. एस्प्रेसोच्या मायदेशाचा समावेश असलेल्या त्या संघाच्या यादीत कॉफीयंत्र मात्र नाही!

आक्षेपकांचे दोन मुद्दे विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला, धोक्याचा. वीज, वाफ व दाब एकत्र असतात, म्हणून अडाण्याने आत हात घालू नये, हे आम्हांसही मान्य आहे. प्लग काढून यंत्र थंड झाल्याशिवाय ते उघडू नये, आणि विजेचे काम जाणत्याकडेच द्यावे. पण यावरून जाणते कारागीर हवेत असे सिद्ध होते. कारागीर नकोत असे नव्हे. दुसरा मुद्दा, दुरुस्तीची मजुरी नव्याच्या किमतीइतकी होते. कांही वेळा होते, हे खरे. परंतु भाग मिळू द्यावयाचे नाहीत, कारागिरास शिकू द्यावयाचे नाही, आणि मग दुरुस्ती महाग पडते म्हणावयाचे, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो.

आमच्या वाचकांस जीर्णोद्धार हा शब्द नवा नाही. अग्निपुराणांत त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. जीर्ण मूर्ती विधिपूर्वक काढावी आणि जुनीचे जे प्रमाण व जे द्रव्य असेल, त्याच प्रमाणाची व त्याच द्रव्याची नवी बसवावी, असा त्यांतील आशय आहे. झिजलेले काढणे त्यांस मान्य होते. पण मोजमाप न करता, द्रव्य न पारखता, सगळेच पाडून टाकणे मान्य नव्हते. कॉफीयंत्राचे रबरी कडे बदलणारा कारागीर तरी दुसरे काय करतो? तेच माप, तेच द्रव्य, आणि बाकीचे यंत्र जागचे जागी. उलट, जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने लाकडी खांब काढून सिमेंटचे उभे करणाऱ्या, आणि चांगली समई मोडीत घालून चकचकीत नवी आणणाऱ्या आमच्याच कांही समित्यांनी 'नवेच घ्या' हा मंत्र दुकानदाराच्याही आधी स्वीकारला, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

म्हणून आमची सूचना आहे. अॅमस्टरडॅम येथे मार्टिने पोस्टमा या बाईंनी २००९ साली शेजाऱ्यांस एकत्र बसवून मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू केला. तो आज अनेक देशांत चालतो. आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळा व सभागृहे उत्सव सोडल्यास वर्षाचे बरेच दिवस रिकामी असतात. महिन्यांतून एक दिवस तेथे गावांतील विजेचा कारागीर, कल्हईवाला, घड्याळजी यांस योग्य मोबदला देऊन बसवावे; आणि प्रत्येकाशेजारी एक तरुण शिकावयास बसवावा. खर्च फार नाही. एका रोषणाईची काटकसर केली तरी भागेल. कारागिराचा हात एकदा समाजातून गेला, की तो मात्र कोणत्याही दुकानांत विकत मिळावयाचा नाही.