काळ्या माशांच्या पोटी सोनं!

आमच्या चिकपेटेत जिकडे पाहावं तिकडे साड्यांची दुकानं. अशाच एका दुकानाच्या वर आमचं जुनं मराठी घर आहे आणि त्या घरात, माजघराच्या भिंतीला लागून, माझी काचेची टाकी. सौ. तिला ‘सवत’ म्हणतात!

एंजलफिश मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. चपटं, तिकोनी अंग आणि लांब पर, म्हणून टाकी किमान दीड फूट उंच हवी. दुकानातून ‘जोडी’ मागून आणू नका. नर-मादी ओळखणं जाणकारांनाही कठीण जातं. पाच-सहा लहान मासे आणावेत, मोठे झाले की ते आपली जोडी आपणच जमवतात.

माझ्याकडे जमली ती सोनेरी मादी आणि शुद्ध काळ्या वाणाचा नर. नातू खूश! ‘‘आजोबा, वाघासारखी पट्टेदार पिल्लं होणार!’’ खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं.

टाकीत मी शाळेतल्या दगडी पाटीचा तुकडा तिरका टेकवून ठेवला. मादीनं त्यावर ओळीनं अंडी घातली. पण पहिल्या तीन खेपांना आईबापांनीच ती गट्ट केली. चौथ्या वेळी पाटी अलगद उचलून दुसऱ्या टाकीत ठेवली. पाणी जुन्या टाकीतलंच, जवळ हवेचे बुडबुडे आणि बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्ल्यूचे थोडे थेंब. बंगळूरच्या थंडीत रात्री पाणी गार पडतं, म्हणून हीटर लावून ते २७-२८ अंशांवर ठेवलं. पांढरी पडलेली अंडी वाया गेली. बाकीची दोन-अडीच दिवसांत फुटली.

पिल्लं पाच-सहा दिवस पाटीला चिकटून नुसती वळवळतात. तोवर खायला काही घालू नये. ती पोहू लागली की ताजी उबवलेली आर्टेमिया, खारं पाणी धुऊन, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावी. उरलेलं अन्न काढून रोज थोडं पाणी बदलावं. नळाचं पाणी क्लोरीन जावा म्हणून एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं.

पिल्लं वाढली आणि काय, सगळी काळी! एकही सोनेरी नाही. नातू रुसला. ‘‘आईचं काहीच नाही घेतलं यांनी?’’

घेतलं होतं. प्रत्येक पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. काळ्यापुढे सोनेरी वाटा दिसत नाही, पण तो बुडतही नाही. ठेवीसारखा आत राहतो. एंजलफिशच्या रंगांची ही वंशपरंपरा अमेरिकेतल्या डॉ. जोॲन नॉर्टन यांनी १९८० च्या दशकात लेखांतून मांडली. शिवाय दोन्हीकडून काळा वाटा मिळालेली पिल्लं बऱ्याचदा नाजूक निघतात. आमची मिश्र पिल्लं मात्र चांगली दणकट झाली.

मग त्यांतलीच दोन धडधाकट ठेवून बाकीची ओळखीच्या घरी दिली. जवळजवळ वर्षभर थांबलो. त्या काळ्या जोडीची अठ्ठ्याहत्तर पिल्लं जगली, त्यांत एकवीस सोनेरी! हिशेब चारांत एक असा असतो, थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

एक विनंती मात्र आहे. एका खेपेला दोनशे-तीनशे अंडी होतात. पिल्लांना घरं ठरल्याशिवाय नवी जोडी लावू नका आणि जास्त झालेले मासे तळ्यात तर मुळीच सोडू नका. परके मासे तिथल्या माशांच्या पोटावर पाय आणू शकतात.

पहिलं सोनेरी पिल्लू दिसलं तेव्हा नातू टाकीला नाक लावून ओरडला, ‘‘आजोबा, हे आजीवर गेलं!’’ स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, ‘‘चला, सवतीला नात झाली. आता तरी जेवायला या!’’