‘आमचे मासे परत मिळाले’: ग्रीनलंड, ब्रिटन आणि बाहेर पडण्याची किंमत

१/ एखादा देश व्यापारी संघातून बाहेर पडला तर काय होते, हा प्रश्न निघाला की ग्रीनलंडचे नाव हमखास पुढे केले जाते. १९८५ साली ग्रीनलंड युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडला आणि आभाळ कोसळले नाही. मग ब्रिटनच्याच बाबतीत एवढा गहजब कशासाठी? युक्तिवाद आकर्षक आहे, आणि साफ चुकीचा आहे. ग्रीनलंडचा दाखला नीट तपासला तर तो ब्रेक्झिटच्या पुरस्कर्त्यांवरच उलटतो.

२/ ग्रीनलंड १९५३ पासून डेन्मार्कचा एक जिल्हा होता. फेरो बेटांना १९४८ मध्येच स्वशासन मिळाले असल्याने ती समुदायाबाहेर राहू शकली. ग्रीनलंडला ती मुभा नव्हती. ऑक्टोबर १९७२ च्या सार्वमतात तेथील सुमारे ७० टक्के मतदारांनी प्रवेशाला विरोध केला, परंतु डेन्मार्कचा एकूण कौल होकाराचा पडला. १ जानेवारी १९७३ रोजी ग्रीनलंड, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, समुदायाचा भाग झाला.

३/ ज्या भूमीचे जगणे मासळीवर चालते, तिच्या मासेमारीचे निर्णय आता ब्रुसेल्समध्ये होऊ लागले आणि किनाऱ्यासमोर पश्चिम जर्मनीचे ट्रॉलर कॉड पकडताना दिसू लागले. १९७९ मध्ये स्वशासन मिळाले आणि २३ फेब्रुवारी १९८२ रोजी पुन्हा सार्वमत झाले. सुमारे ५३ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. लाट वगैरे काही नव्हती. कौल निसटता होता.

४/ खरा इतिहास यापुढचा आहे, आणि तोच सांगितला जात नाही. पन्नासएक हजार लोकवस्तीच्या या बेटाला बाहेर पडायला जवळपास तीन वर्षे लागली. मार्च १९८४ मध्ये झालेल्या करारानुसार ग्रीनलंडची मासळी युरोपच्या बाजारात जकातीविना जात राहणार होती. बदल्यात युरोपच्या नौकांना ग्रीनलंडच्या समुद्रात मासेमारी करता येणार होती, मात्र त्यासाठी समुदायाने दरवर्षी पैसे मोजायचे होते. शिवाय सदस्यदेशाशी संलग्न ‘सागरपार प्रदेश’ हा दर्जाही मिळाला. म्हणजे परकीय नौका गेल्याच नाहीत. पूर्वी हक्काने येणाऱ्या नौका आता भाडे भरून येऊ लागल्या, एवढेच.

५/ हे जमले, कारण ग्रीनलंडकडे समोरच्याला हवी असलेली वस्तू होती, त्याची बाजू मांडणारा डेन्मार्क समुदायाच्या आतच बसलेला होता, आणि मासळी पकडणे व ती खपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाटाघाटी करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. धोरण सोडले, बाजार सोडला नाही.

६/ आता ब्रिटन. तेथील मच्छीमारांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. सदस्यदेशांच्या नौकांना एकमेकांच्या समुद्रात समान प्रवेश, हे तत्त्व सहा संस्थापक देशांनी जून १९७० मध्ये, ब्रिटनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, घाईघाईने ठरवून घेतले. एडवर्ड हीथ यांच्या सरकारने ते बव्हंशी गिळले.

७/ परंतु हल आणि ग्रिम्झ्बी या बंदरांच्या ऱ्हासाचे सगळे खापर ब्रुसेल्सवर फोडणे हा इतिहासाशी केलेला खोटेपणा होय. या बंदरांचे मोठे ट्रॉलर आइसलँडजवळच्या समुद्रावर जगत होते. आइसलँडने आपली हद्द टप्प्याटप्प्याने वाढवत २०० सागरी मैलांवर नेली. ‘कॉड युद्धां’त ब्रिटनने युद्धनौका धाडल्या आणि तरीही १९७६ मध्ये माघार घेतली. आइसलँड समुदायाचा सदस्य तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी २०१६ मध्ये हलमध्ये सुमारे ६८ टक्के आणि ग्रिम्झ्बीच्या परिसरात सुमारे ७० टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली. जखम एकाने केली आणि शिक्षा दुसऱ्याला झाली.

८/ ब्रिटिश माणूस जे पकडतो ते खात नाही आणि जे खातो ते पकडत नाही. त्याच्या ताटात कॉड, हॅडॉक, कोळंबी असते, आणि त्यातला बराच माल बाहेरून येतो. त्याच्या जाळ्यात हेरिंग येते, मॅकरेल (कोकणातल्या बांगड्याचा भाऊबंद) येतो, शेवंडाच्या जातीची छोटी लँगोस्टिन येते. हा माल मुख्यतः फ्रान्स, स्पेन आदी युरोपीय देशांत खपतो. समुद्र ‘परत घेतला’, पण गिऱ्हाईक पलीकडच्याच काठावर राहिले.

९/ १ जानेवारी २०२१ पासून त्या काठावर आरोग्य दाखले, तपासण्या आणि कागदपत्रे आली. जकात नव्हती, पण ताज्या मासळीला एका दिवसाचा उशीरही जकातीइतकाच भोवतो. विशिष्ट दर्जाच्या पाण्यातील कालवे-शिंपले शुद्ध केल्याशिवाय जिवंत स्वरूपात युरोपात पाठवणे बंद झाले. १८ जानेवारीला मासळीव्यापाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये आणून उभे केले. त्याच्या चार दिवस आधीच जेकब रीस-मॉग यांनी संसदेत सांगितले होते की मासे आता ब्रिटिश झाल्यामुळे अधिक सुखी आहेत. माशांचे मत नोंदवलेले नाही.

१०/ हलचा ‘कर्केला’ हा भव्य ट्रॉलर नॉर्वेच्या समुद्रात कॉड पकडत असे. तो हक्क युरोपीय संघाने नॉर्वेशी केलेल्या करारातून मिळालेला होता. ब्रिटन बाहेर पडल्यावर एप्रिल २०२१ मध्ये नॉर्वेशी स्वतंत्र बोलणी फिसकटली आणि त्या वर्षी ही वाट बंद झाली. ब्रेक्झिटला भरभरून मते देणाऱ्या बंदराला हे फळ मिळाले.

११/ मिळाले काहीच नाही असे नव्हे. ब्रिटिश समुद्रात युरोपीय नौकांना मिळणाऱ्या मासळीपैकी मूल्याने २५ टक्के वाटा जून २०२६ पर्यंत हळूहळू ब्रिटनकडे वळवण्याचे ठरले. त्यानंतर सारे काही आमच्या हाती, असे तेव्हा सांगण्यात आले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय नौकांचा हा प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून दिला. त्याच बैठकीत अन्नपदार्थांवरील सीमेवरच्या तपासण्या कमी करणाऱ्या कराराच्या दिशेने जाण्याचे ठरले. मासे देऊन बाजार घेणे, हा सौदा ग्रीनलंडने दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी पुरा केला होता. ब्रिटन त्या सौद्याकडे सार्वमतानंतर नऊ वर्षांनी वळला.