धुणंवालीची पोर आणि पॅरिसचा नाच

"ताई, तुम्ही या पानावर डॉक्टर, शिक्षिका, कामगारांच्या पुढारी अशा सगळ्या बायांवर लिहिता. नाचणाऱ्या बाईवर का लिहीत नाही? तिचे कष्ट ते कष्ट नव्हेत का?"

एका वाचक भगिनीचं हे पत्र बरेच दिवस माझ्या पिशवीत पडून आहे. उत्तराला उशीर झाला, कारण प्रश्न सोपा नाही. आपल्यातल्या काही घरांत आजी किंवा पणजी कधीकाळी फडावर होती हे माहीत असतं, पण ते सांगताना आवाज खाली येतो. म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगते. बाई अमेरिकेची, नाच फ्रान्समधला.

आधी त्या खेळाबद्दल. बर्लेस्क हा विलायती खेळ. थोरामोठ्यांच्या नाटकांची आणि देवादिकांच्या कथांची टर उडवायची, मधे गाणी, मधे बायांचे नाच. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन ही इंग्रज नटी आपला संच घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि तिथे या खेळाचं वेड लागलं. आता लंडनचा विनोद न्यूयॉर्कच्या माणसाला कसा कळणार? तेव्हा तिथल्याच घडामोडींवरच्या कोपरखळ्या संवादांत घातल्या गेल्या. ज्यांनी तमाशा पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्या गावात तंबू, त्या गावच्या पुढाऱ्यावर सोंगाड्याचा टोला! पुढे अमेरिकेत या खेळातली टर कमी होत गेली आणि कपडे उतरवणं वाढत गेलं. नाव मात्र बर्लेस्कच राहिलं.

पण लिडिया गोरी होती. संच तिचा होता. काय बदलायचं आणि काय ठेवायचं ते ती ठरवू शकत होती. जी बाई दुसऱ्याच्या संचात पगारावर आहे, आणि काळी आहे, तिचा नाच परदेशी जातो तेव्हा तो कोण बदलतं? जोसेफिन बेकरची गोष्ट इथून सुरू होते.

जोसेफिनचा जन्म ३ जून १९०६ चा, सेंट लुइस शहरातला. आई लोकांचं धुणं धुवायची. आठव्या वर्षी जोसेफिन गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. धुण्याला साबण जास्त लावला म्हणून एका मालकिणीने तिचे हात उकळत्या पाण्याने भाजले. १९१७ साली नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुइस गावात गोऱ्या जमावाने काळ्यांची घरं पेटवली. तिथून जीव घेऊन पळत आलेली माणसं तिने अकराव्या वर्षी पाहिली. तेराव्या वर्षी लग्न, ते मोडलं. पंधराव्या वर्षी दुसरं. बेकर हे आडनाव या दुसऱ्या नवऱ्याचं.

नाचाची तिला पहिल्यापासून ओढ होती. त्या वेळी 'शफल अलाँग' नावाचा खेळ अमेरिकेत गाजत होता. लिहिणारे काळे, वाजवणारे काळे, नाचणारे काळे. तिथे ती गेली तर उत्तर काय मिळालं? वय कमी, अंगाने काटकुळी, आणि रंगाने जास्तच काळी! म्हणजे काळ्यांच्या खेळातसुद्धा उजळ कातडीच्या मुली पुढे. हे वाचून आपण कुणाकडे बोट दाखवायला नको, मुली बघायला गेल्यावर आपल्याकडे काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे. असो. ती त्या संचात नटींचे कपडे सांभाळायच्या कामाला राहिली आणि ते सांभाळता सांभाळता सगळे नाच पाठ केले. एक मुलगी रजेवर गेली तशी ही रांगेत शिरली.

रांगेच्या अगदी टोकाला उभी राहून ती मुद्दाम पावलं चुकायची. इतर मुली उजवीकडे तर ही डावीकडे. डोळे तिरळे करायची, गाल फुगवायची, गुडघे वाकडे टाकायची. आणि शेवटी सगळ्यांपेक्षा अवघड नाच बिनचूक करून दाखवायची. लोक तिकीट काढताना 'ती टोकाची मुलगी आहे ना?' असं विचारू लागले. पुढे 'चॉकलेट डँडीज' या खेळात तिला आठवड्याला १२५ डॉलर मिळत, रांगेतल्या मुलीला ही रक्कम फार मोठी होती. तिरळे डोळे हे तिचं स्वतःचं भांडवल होतं. कुणी शिकवलेलं नव्हतं.

१९२५ च्या सप्टेंबरात कॅरोलिन डडली या गोऱ्या अमेरिकन बाईने पंचवीसेक काळ्या कलावंतांचा संच जमवला आणि बोटीने पॅरिसला नेला. शाँझेलिझे थिएटरात खेळ लागायचा होता. जोसेफिन तेव्हा १९ वर्षांची, आणि संचात ती विनोदासाठी होती. मुख्य गायिका वेगळी होती, मॉड डी फॉरेस्ट.

पॅरिसमध्ये पहिली तालीम पाहून थिएटरचे लोक हवालदिल झाले. बुटांच्या टाचा आपटत करायचा नाच फार झाला, गोंगाट फार झाला, मॉडची गाणी फार रडकी. मुख्य तक्रार वेगळीच होती. हे लोक काळे आहेत खरे, पण पुरेसे 'आफ्रिकन' वाटत नाहीत! आता हे नाचणारे कुठले? अमेरिकेतल्या शहरांतले. त्यांनी आफ्रिका डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण पॅरिसच्या शौकिनांना त्या दिवसांत आफ्रिकेच्या मूर्ती आणि मुखवट्यांचं वेड होतं, आणि फ्रान्सचं राज्य आफ्रिकेच्या मोठ्या भागावर होतं. त्यांच्या मनात एक जंगल तयार होतं. त्यात शोभेल असा नाच त्यांना हवा होता.

खेळ दुरुस्त करायला जाक-शार्ल नावाचा दिग्दर्शक बोलावला. त्याने थोड्याच दिवसांत खेळ उलटापालटा केला. मॉडला मागे सारलं, जोसेफिनला पुढे आणलं. शेवटी एक नवा नाच घातला, त्याचं नावच 'रानटी नाच'. जोडीला जो अलेक्स नावाचा नर्तक. अंगावर पिसं, आणि वरचं अंग उघडं. जोसेफिन आधी तयार नव्हती. ती रडली आणि परतीचं तिकीट मागू लागली, असं जाक-शार्लने पुढे सांगितलं. तिच्या जागी आपली १९ वर्षांची मुलगी परक्या देशात, भाषा येत नाही, परतीचं भाडं मालकाच्या हातात, असं डोळ्यांपुढे आणा. तिने 'होकार' दिला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तो होकार किती आणि लाचारी किती, हे मोजायचं माप माझ्याकडे नाही.

२ ऑक्टोबर १९२५ ला खेळ झाला. पहिल्या प्रवेशात ती फाटक्या चड्डीत, डोळे तिरळे करत, गुडघे वाकवून धावत आली. लोक गोंधळले, हा मुलगा की मुलगी? शेवटच्या नाचात जो अलेक्सने तिला पाठीवर उलटी टाकून आणलं. नाच संपला तेव्हा काही जण उठून गेले, काहींनी शिट्या मारून निषेध केला, बाकीच्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. सकाळी पॅरिसभर तिचं नाव.

पुढच्या वर्षी, १९२६ ला, फॉली बर्जेर या थिएटरात ती केळ्यांचा घागरा घालून आली. प्रवेश असा: जंगलात एक गोरा प्रवासी झोपला आहे आणि झाडावरून ही उतरते. सेंट लुइसच्या भाड्याच्या खोल्यांत वाढलेली पोर झाडावरून उतरते! आज ती चित्रफीत पाहताना मला लाज वाटते आणि मग हसूही येतं, कारण ऐन नाचाच्या भरात ती मधेच डोळे तिरळे करते. केळी त्यांनी दिलेली. डोळे तिचे स्वतःचे. समोरचा साहेब तिच्याकडे टक लावून बघतोय, आणि ही त्याच्याच बघण्याची नक्कल करते आहे, असं मला तरी वाटतं. जुन्या बर्लेस्कमधली टर अंगप्रदर्शनाखाली दबली होती, ती या पोरीने अशी जपून ठेवली. सगळ्यांना हे पटणार नाही. केळी ती केळीच, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

१९२८ साली ती व्हिएन्नाला गेली. तिथे वेगळंच. नंगा नाच येतोय म्हणून आधीच ओरड झाली होती. थिएटरजवळच्या चर्चने लोकांना सावध करायला घंटा वाजवल्या. पडदा उघडला तर बाईसाहेब गळ्यापर्यंत बंद असलेल्या लांब झग्यात उभ्या, आणि एक साधं, हळुवार गाणं गाऊ लागल्या! तोवर ती शिकली होती, की खेळ बदलायचाच असेल तर आपणच बदलावा. पुढच्याच वर्षी म्युनिक शहराने मात्र तिला रंगमंचावर येऊच दिलं नाही.

सर्वात कठीण परदेश ठरला तिचा स्वतःचा देश. १९३६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या 'झिगफेल्ड फॉलीज' या बड्या खेळात ती परतली. पॅरिसची राणी म्हणून आली होती, एका प्रवेशात तर ती चक्क 'महाराणी' होती. न्यूयॉर्कला ते सोसलं नाही. काळ्या बाईने मोलकरीण व्हावं, विनोद करावा, महाराणी कसली होते? एका नामांकित अमेरिकन साप्ताहिकाने लिहिलं, की ही सेंट लुइसच्या धुणंवालीची पोर, काळ्यांच्या बर्लेस्कमधून निघून पॅरिसच्या ऐषआरामात गेली. आईचं धुणं शिवीसारखं वापरलं. नंतर तोच खेळ पुन्हा लागला तेव्हा तिच्या जागी जिप्सी रोज ली आली. ती गोरी, आणि कपडे उतरवण्याच्या बर्लेस्कमधलीच. म्हणजे बर्लेस्कचा डाग एकीलाच लागला.

ती फ्रान्सला परतली, १९३७ ला तिथली नागरिक झाली. महायुद्धात गाण्यांच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेल्या बातम्या तिने सरहद्दीपार नेल्या. त्यासाठी फ्रान्सने तिला लष्करी पदकं दिली. ते सगळं एक वेगळा लेख मागतं. १९७५ ला ती वारली. २०२१ साली फ्रान्सने तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे थोरांच्या स्मारकात, मानाची जागा दिली. तो मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री.

मला सांगायचं आहे ते १९५१ चं. त्या जानेवारीत मायामी बीचच्या एका मोठ्या क्लबने तिला बोलावलं. पैसा भरपूर होता. पण त्या भागात अशा ठिकाणी काळी माणसं गिऱ्हाईक म्हणून बसत नसत. काळ्यांनी रंगमंचावर गावं, भांडी घासावीत, टेबलाशी बसू नये. जोसेफिनने करारात अट घातली: काळ्यांना गिऱ्हाईक म्हणून प्रवेश असेल तरच मी गाईन. मालकाने आढेवेढे घेतले, मग मानलं. त्या रात्री काळे आणि गोरे एकाच दालनात बसले. पिसं नव्हती, केळी नव्हती. पॅरिसचे उंची झगे घालून ती निरनिराळ्या भाषांत गायली. पंचवीस वर्षांपूर्वी प्रेक्षकांना चालावा म्हणून तिचा खेळ बदलला होता. या वेळी तिने प्रेक्षक बदलून घेतले. नंतरच्या त्या दौऱ्यातही ही अट तिने सोडली नाही. २० मे १९५१ ला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या लोकांनी 'जोसेफिन बेकर दिन' पाळला आणि तिची मिरवणूक काढली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिलं. उरलेलं निम्मं तुमच्या-माझ्या घरात आहे. कुणाची आजी, मावशी, आत्या फडावर होती, तिला काय आवडायचं, काय करावं लागायचं, पैसे कोण मोजून घ्यायचं, हे तिला विचारता येत असेल तर विचारा. एका वहीच्या पानावर लिहून पाठवा. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही.