अप्रेझल, द्राक्षमळा आणि कृपा

मार्च संपत आला की आमच्या धंद्यात एक सण येतो. अप्रेझल! वर्षभर ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो, त्यांना एक ते पाच आकड्यांत बसवायचं. टीम लीड झाल्यापासून हे काम माझ्या गळ्यात आहे आणि अजूनही ते अंगवळणी पडलेलं नाही. या वेळी सात फॉर्म होते. सहा शुक्रवारी दुपारपर्यंत संपवले. सातवा अडकला.

सातवा फॉर्म टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाचा. गेल्या जुलैत त्याने टेस्टचा डेटाबेस समजून प्रॉडक्शनवर एक डिलीट चालवलं. व्हेअर क्लॉज नाही! बॅकअप होता म्हणून वाचलो, पण क्लायंटची सहा तासांची एंट्री गेली ती गेलीच. आम्ही चौघांनी दोन रात्री ऑफिसात काढल्या. त्यानंतर पोराने मान खाली घालून चांगलं काम केलं, हे मलाही मान्य आहे. पण फॉर्म उघडला की मला ऑगस्ट ते मार्च दिसतच नव्हते, फक्त जुलै दिसत होता.

जेवताना समोर आमचा वसईचा मित्र होता. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू, त्यात शुक्रवार, म्हणून डब्यात मटण-चिकन नाही. त्याच्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीतच होते, त्यामुळे त्याची धार्मिक शब्दसंपत्ती माझ्यापेक्षा शुद्ध आहे. त्याने विचारलं, "किती देणार पोराला?"

"तीन."

"ठीक आहे. आणि मनातल्या फॉर्मवर?"

मी गप्प. मग तोच म्हणाला, "आमच्याकडे कृपा म्हणून एक भानगड आहे. माहीत असेलच तुला."

"अरे, कृपा कुणाला माहीत नाही? लग्नाच्या पत्रिकेवर छापलेली असते. कुलस्वामिनीच्या कृपेकरून..."

तो हसला. "ती नव्हे. मत्तयचा विसावा अध्याय वाच. मग बोलू."

आता मी काही ख्रिश्चन नाही, आणि फारसा देवभोळाही नाही. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घरात बरीच वर्षं आहे. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तेव्हा कौतुकाने घेतलं आणि रीतसर कपाटात ठेवलं. (तुमच्याकडेही अशी पुस्तकं असतील.) शुक्रवारी रात्री ते काढलं.

गोष्ट साधी आहे. एका मळेवाल्याला द्राक्षमळ्यात काम करायला माणसं हवी होती. तो पहाटे नाक्यावर गेला, दिवसाला एक दिनार ठरवून काही मजूर घेऊन आला. मग नऊच्या सुमाराला गेला, बाराला गेला, तीनला गेला, दर वेळी रिकामे उभे असलेले मजूर आणत राहिला. दिवस मावळायला एक तास उरला असताना पुन्हा गेला. तेव्हाही काही जण उभेच होते, कारण त्यांना दिवसभर कोणी कामावर घेतलंच नव्हतं. त्यांनाही आणलं. संध्याकाळी मजुरी वाटताना त्याने शेवटून सुरुवात केली आणि एक तासवाल्यांच्या हातावर अख्खा दिनार ठेवला. पहाटेवाल्यांना वाटलं, आता आपल्याला जास्त मिळणार. मिळाला एकच दिनार. ते भडकले. मळेवाला म्हणाला, तुझं ठरलेलं तुला दिलं की नाही? मग माझ्या पैशाने मी दुसऱ्याशी उदार झालो तर तुझ्या पोटात का दुखावं?

खरं सांगू? माझ्या पोटात दुखलं. मी आयुष्यभर पहाटेवाला मजूर आहे. दहावीला क्लास, बारावीला क्लास, कॅम्पसला पहिला, डिलिव्हरीला शेवटचा घरी जाणारा. 'जो जितका राबला तितकं त्याला' हे वाक्य माझ्या हाडांत आहे. ही गोष्ट कुठल्याही एचआर पॉलिसीत बसणार नाही.

पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पहाटेवाल्यांचं एका पैशाचंही नुकसान झालेलं नाही. शेजाऱ्याच्या हातातला दिनार दिसला नसता, तर ते गाणी म्हणत घरी गेले असते. आणि एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. त्याच्या बाराव्या भागात घर चालत नाही. मळेवाल्याने किती तास भरले हे पाहिलं नाही, संध्याकाळी घरी चूल पेटायला काय लागेल ते पाहिलं.

ख्रिश्चन विचारातली कृपा ती हीच. मूळ ग्रीक शब्द खारिस, म्हणजे मर्जी, देणगी. माझ्यासारख्याला समजेल अशी फोड मी अशी केली: कमावलेलं मिळणं हा न्याय. कमावलेली शिक्षा टळणं ही दया. आणि जे कमावलंच नाही, कमावता येणारही नाही, ते हातावर ठेवलं जाणं ही कृपा. नवसाला पावणारा देव इथे चालत नाही, कारण नवस हा व्यवहार झाला. तू हे कर, मी नारळ देईन.

'मग माणसाने काहीच करायचं नाही का?' हे भांडण आपल्यालाही नवं नाही. श्रीवैष्णवांमध्ये मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेत. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. ख्रिस्ती जगात पाचव्या शतकात पेलागियस म्हणाला, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो. ऑगस्टीन म्हणाला, नाही, चांगलं व्हायची इच्छासुद्धा कृपेतूनच येते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताविरुद्ध निकाल दिला. पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला आणि पश्चिम युरोपातलं चर्चच दुभंगलं. कृपेने माणूस नीतिमान ठरतो म्हणजे नेमकं काय, यावर कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या थेट १९९९ मध्ये! आमचं कुठलंही तिकीट इतकी वर्षं ओपन राहिलेलं नाही.

हे सगळं पुस्तकी वाटेल. पण पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहिलं की यात जिवावर बेतणारं काही होतं हे कळतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. घर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरणारं. दुष्काळ पडला तसं त्यांनी व्रतं केली, उपास केले, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं. १८७४ मध्ये आईवडील उपासमारीने गेले. पुण्याच्या खात्यात भरणा करून करून घर रिकामं झालं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इथे गोष्ट संपायला हवी ना? पण १९०७ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेची हकीकत लिहिली. तीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं लागली. म्हणजे धर्म बदलला तरी हिशेब चालूच होता, नुसती वही नवीन. मी काही केल्याने हे मिळणार नाही, ते आधीच दिलेलं आहे, हे उमगलं तेव्हा त्यांना विसावा मिळाला. आणि विसावा मिळाल्यावर त्या बसून राहिल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. धर्मांतराबद्दल तुमची मतं काहीही असोत, क्रम बघा. कृपा आधी, काम नंतर.

तुम्ही म्हणाल, हे छान आहे, पण मग गुन्हेगाराची चंगळच की. पाप करा, रडा, मोकळे व्हा. हा प्रश्न ख्रिश्चनांनी स्वतःच जास्त कठोरपणे विचारलाय. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफरने १९३७ च्या पुस्तकात 'स्वस्त कृपे'वर झोड उठवली: ज्यात पश्चात्ताप नाही, जगणं बदलणं नाही, अशी सवलतीच्या दरातली कृपा. हिटलरला विरोध केल्याबद्दल त्याला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिलं गेलं, म्हणजे त्याची स्वतःची कृपा काही स्वस्त नव्हती.

मला जास्त छळतो तो जॉन न्यूटन. 'अमेझिंग ग्रेस' हे स्तोत्र लिहिणारा. लोकप्रिय गोष्ट अशी की गुलामांच्या व्यापारातला हा खलाशी १७४८ मध्ये वादळात सापडला, देवाला शरण गेला आणि बदलला. खरा क्रम वेगळा आहे. वादळानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! जहाज चालवणं त्याने १७५४ मध्ये सोडलं तेही आजारपणामुळे. मग पाद्री झाला, १७७३ च्या सुमाराला ते स्तोत्र लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक काढलं १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्या पत्रकात मात्र त्याने स्वतःला सोडलं नाही. आपण काय केलं आणि काय पाहिलं ते लिहिलं, पार्लमेंटच्या चौकशीतही साक्ष दिली. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला.

मित्राला फोन करून विचारलं, "न्यूटनला माफी मिळाली असेल. पण जहाजाच्या तळाशी साखळीत बांधलेल्या माणसांचं काय? त्यांच्या वतीने माफ करणारा देव कोण?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही रे. एवढंच माहीत आहे की कृपा म्हणजे 'काही झालंच नाही' असं म्हणणं नव्हे. झालं ते झालंच. न्यूटनला त्याचं नाव घ्यायला चाळीस वर्षं लागली, आणि बहुतेक कृपा नसती तर घेताच आलं नसतं. शिक्षेची भीती असली की माणूस पुरावे लपवतो."

हे मला पटलं, कारण आमच्या धंद्यात रोज दिसतं. ज्या टीममध्ये चुकीला फासावर देतात, तिथे लॉग गायब होतात. पण पहिला प्रश्न तसाच उरला. उरू दे.

"अजून दोन अध्याय मागे जा," तो म्हणाला. गेलो. तिथे एका नोकराची गोष्ट आहे. राजाचं त्याच्यावर दहा हजार तालंतांचं कर्ज, आणि राजा ते माफ करतो. हा बाहेर येतो आणि शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. सवयीने गणित केलं. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे माफ झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं! आणि वसूल काय करत होता? शंभर दिवसांची मजुरी.

गंमत अशी की शंभर दिवसांची मजुरी ही काही फुटकळ रक्कम नाही. तीन-चार महिन्यांचा पगार झाला. सोबत्याने देणं खरोखर बुडवलं होतं. जुलैत दोन रात्री खरोखर गेल्या होत्या. गोष्ट असं म्हणत नाही की दुसऱ्याने तुमचं काही देणं नाही. ती फक्त विचारते, तुझं स्वतःचं काय माफ झालं होतं ते आठवतंय का?

आठवलं. पहिली नोकरी, सातवा महिना. मी एक चुकीची कॉन्फिग फाइल रिलीजमध्ये पाठवली आणि क्लायंटकडची छपाई अख्खा दिवस बंद पडली. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरने कॉलवर 'आमची चूक झाली' एवढंच सांगितलं. आमची! माझं नाव कुठल्याही मेलमध्ये आलं नाही. पुढच्याच रिलीजला त्यांनी फाइल पुन्हा माझ्याकडेच दिली. नोकरी सोडताना मी विषय काढला, तर म्हणाले, "कोणती चूक रे?" ते खरंच विसरले होते की तसं दाखवत होते, मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि मी? जुलैपासून त्या पोराला प्रॉडक्शनचा ॲक्सेस परत दिलेला नाही. प्रत्येक टीम लंचला व्हेअर क्लॉजचा किस्सा मीच रंगवून सांगतो. सगळे हसतात. तोही हसतो.

कंपनी म्हणजे काही द्राक्षमळा नव्हे, हे मलाही कळतं. सगळ्यांना पाच देऊन टाकले तर बाकीच्या सहा जणांवर अन्याय होईल. रेटिंग न्यायाचं काम आहे, ते न्यायानेच व्हावं. पूर्ण वर्ष पाहून त्याचे तीनच होतात, तेच राहतील. पण जुलैवर लिहिलेला मोठा परिच्छेद काल रात्री काढून टाकला, एक वाक्य ठेवलं. सोमवारी सकाळी ॲक्सेसची रिक्वेस्ट टाकणार आहे. आणि तो किस्सा आता मी सांगणार नाही. हे तिसरं सगळ्यात जड जाणार, कारण किस्सा खरंच चांगला आहे.

असो. फॉर्म अजून सबमिट केलेला नाही. तुमच्याही कपाटात असा एखादा जुलै असेल तर बघा.